किलोमीटरमागे

तिने हँडब्रेक ओढला तरी इंजिन अजून धापा टाकत होतं. मागचा पडदा सरकवून नवरा डोळे चोळत बाहेर आला. त्याच्या एका गालावर उशीची घडी उमटली होती. तिने सीट सोडली, त्याने धरली. मधल्या चिंचोळ्या जागेत दोघांचे खांदे एकमेकांना लागले, तेवढीच त्यांची भेट.

"क्लच जड लागतोय जरा," ती म्हणाली.

"बघतो. जेवलीस?"

"खाल्लं काहीतरी. तुमचा डबा तिथे मागे आहे."

ती पडद्याआड जाऊन बर्थवर आडवी झाली आणि ट्रक पुन्हा हलला.

वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. कंपनी त्यांना किलोमीटरमागे पैसे देई. चाक फिरलं तर पैसा, थांबलं तर सगळा वेळ फुकट. मग थांबायचंच कशाला? एकाने चालवायचं, दुसऱ्याने झोपायचं. यार्डातली मंडळी त्यांना 'सूर्य-चंद्र' म्हणत, कारण एक मावळल्याशिवाय दुसरा उगवत नसे. रात्रंदिवस एकाच गाडीत असायची दोघं, पण समोरासमोर बसून बोलायचं तर गाडी बिघडायलाच हवी.

बोलून मात्र ती सगळं घ्यायची. रस्ता माळावरून सरळ धावू लागला आणि मागून त्याचा श्वास संथ ऐकू येऊ लागला की ती पडद्याशी बोलायला लागे. जागेपणी ती त्याला 'अहो' म्हणे, पडद्याला मात्र 'अरे'. अरे, ताईचा फोन आला होता. अरे, गुडघा पुन्हा ठणकतोय. पडदा हलत राही, आणि बोललेलं सगळं त्याच्या हेलकाव्यात विरून जाई.

झाडांचंही तिने तसंच सांगून टाकलं होतं.

पहाट फुटत होती तेव्हा. रस्त्याच्या कडेची झाडं धुक्यात कमरेपर्यंत बुडालेली. बघता बघता ती चालू लागली. बाजाराला निघालेल्या माणसांसारखी, सावकाश, गाडीच्या बरोबरीने. तिला त्याचं नवल वाटलं नाही, उलट सोबत झाल्यासारखं वाटलं. मग त्यातलं एक झाड शांतपणे रस्ता ओलांडू लागलं. तिने करकचून ब्रेक दाबला. समोर काहीच नव्हतं. ट्रकचं पुढचं चाक डांबर सोडून मातीत उतरलं होतं, आणि त्यापुढे उतार होता.

मागे पडदा सरकला नव्हता. गाडी रस्त्यावर घेतल्यावर ती हसत म्हणाली होती, "अरे, आज झाडं चालत होती बघ. तुला सांगणार नाहीये मी. सांगितलं तर चालवू द्यायचा नाहीस."

आणि एकट्याने चालवून भागणार नव्हतं. नवऱ्याला स्वतःचा ट्रक घ्यायचा होता. तो कोणत्या निळ्या रंगाचा असेल, हेसुद्धा त्याचं ठरलं होतं. पेट्रोलपंपावर, दुकानांच्या पाट्यांवर तो रंग शोधत असायचा. "हा नाही, याच्याहून एक हात गडद," म्हणायचा.

क्लच जड लागला त्या दिवशी तो दाखवायला ते गॅरेजपाशी थांबले, तेव्हा शेजारच्या चहाच्या टपरीवर दोघं एकदमच खाली उतरली. बाकावर मामा बसला होता. मामा म्हणजे सगळ्याच ड्रायव्हरांचा मामा. अर्धं आयुष्य त्याने या रस्त्यांवर काढलं होतं.

"अरे वा, ग्रहण लागलं की काय आज?" दोघांना एकत्र बघून तो म्हणाला. "कंपनीने तुम्हालाही विचारलं ना? किलोमीटर की पगार?"

"आज पोचल्यावर सांगायचंय," नवरा म्हणाला. "तू पगार घेतलास ना, मामा? कसा आहे?"

"बरा आहे. हातात कमी येतो, पण ठरलेल्या दिवशी येतो. माल उतरवायला यार्डात ताटकळत बसलो तरी मीटर चालू. फक्त ठराविक तास चालवलं की गाडी उभी करायची, म्हणजे करायचीच. पहिले काही दिवस जीव नुसता कासावीस झाला माझा. उभ्या गाडीत बसून करायचं काय?" त्याने बशीत चहा ओतला. "त्याआधी भाड्यातला टक्का घेऊन पाहिला होता. भरून गेलास तर राजा, रिकामा परतलास तर डिझेलचा वास घेत बस."

"आमचं किलोमीटरच बरं," ती चटकन म्हणाली. "दोघं आहोत. गाडी थांबत नाही."

नवरा टपरीच्या निळ्या ताडपत्रीकडे बघत होता.

ऑफिसात मॅनेजर सर्दीने बेजार होता. रुमाल नाकाला लावूनच त्याने विचारलं, "काय ठरलं मग? तुमच्या जोडीला किलोमीटर सोडणं परवडायचं नाही, हे आपलं मी आधीच सांगून ठेवतो."

"किलोमीटरच," ती म्हणाली.

"पगार," त्याच वेळी नवरा म्हणाला.

मॅनेजरने रुमाल खाली घेतला.

"अहो, काहीतरीच काय?" ती त्याच्याकडे वळली. "मग आपली गाडी कधी व्हायची? म्हातारपणी?"

"नाही झाली तर नाही झाली."

"असं कसं? इतकी वर्षं..."

"झाडं चालायला लागल्यावर," तो टेबलाकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "गाडी कोणाची आहे त्याला काय अर्थ?"

"कसली झाडं?" मॅनेजरने विचारलं.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजवर पडद्याला काय काय सांगितलं ते तिला एकेक आठवू लागलं, आणि मग तिने आठवणं सोडून दिलं. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पगार लिहा, साहेब," ती म्हणाली.

परतीचा माल भरून ते निघाले. तिची पाळी संपल्यावर पुन्हा खांद्याला खांदा लागला. ती बर्थवर जाऊन पडली आणि नेहमीच्या हेलकाव्यात तिचा डोळा लागला.

जाग आली ती हेलकावे थांबल्यामुळे. सगळीकडे इतकी शांतता होती की आपले कान गेले की काय, असं तिला वाटलं. तिने घाईघाईने पडदा सारला. काचेबाहेर सकाळचं पांढरं धुकं होतं. इंजिन बंद होतं, आणि नवरा हात मांडीवर ठेवून सीटवर बसला होता, डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असल्यासारखा.

"काय झालं? क्लच?"

"काही नाही. तास भरले."

"कुठे आलो?"

"कुठेच नाही," तो म्हणाला. "झोप तू. अजून बराच वेळ आहे."

पण ती झोपली नाही. शेजारच्या सीटवर कायमच बोचकी आणि पाण्याचे कॅन असायचे. ते तिने एकेक करून खाली ठेवले आणि तिथे बसली. सीट अगदी नव्यासारखी होती, बसल्यावर करकरली. त्याने काच थोडी खाली केली. गार हवा आत आली, सोबत ओल्या मातीचा वास.

हळूहळू धुकं वर उचललं गेलं आणि त्याच्याखाली, रस्त्याला अगदी लागून, पाणी चमकू लागलं.

"इथे तळं आहे?" तिने विचारलं. या रस्त्याने ते किती वेळा गेले होते, याचा हिशेब नव्हता.

"मलाही आत्ताच कळलं," तो म्हणाला.