रडणारा एसी आणि पहिलं पाणी

सेकोंदी बंदराच्या कोळीवाड्यात त्या आठवड्यात मासळीपेक्षा एका खिडकीला जास्त गिऱ्हाईक होतं. अद्वोबाच्या अंगणात बायका बाटल्या, पातेली, मग घेऊन दाटीवाटीनं बसल्या होत्या. कारण आत, बाळंतिणीच्या खोलीत, खिडकीखालच्या भिंतीत बसवलेला एसी रडत होता. साधंसुधं नाही, लाल रडत होता!

अद्वोबाची मुलगी आज पंधरा दिवसांची होती. रीतीप्रमाणे आठव्या दिवशी पहाटे बाळाला उंबऱ्याबाहेर आणायचं, खरं बोलायला शिकावं म्हणून जिभेवर पहिलं पाणी ठेवायचं आणि नाव ठेवायचं. तोवर मायलेकींनी खोली सोडायची नाही. पण सातव्या दिवशी एसीतून लाल थेंब टपकला आणि सासूबाईंनी प्रेषित ओबादियाला बोलावलं.

"हे तुमच्या यजमानांचे अश्रू!" पांढऱ्या झग्यातल्या ओबादियानं डोळे मिटून निदान केलं. सासरे वारून वर्षही झालं नव्हतं. "नातीसाठी तळमळताहेत बिचारे. मी सांगेपर्यंत दार उघडायचं नाही, खिडकी उघडायची नाही. मशीन बंद केलंत तर त्यांचे डोळे फोडल्याचं पाप! आणि माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

अश्रू रोज औषध म्हणून बाटल्यांत भरून अंगणात वाटले जात आणि देणगीचा डबा ओबादियाच्या मांडीवर असे. आजोबांना डब्याचं काही पडलेलं नव्हतं.

इकडे कोंदट खोलीत ओल्या फडक्यासारखा वास भरला होता. बाळाच्या छातीत दोन दिवसांपासून शिट्टी वाजत होती. नवरा एबो दूर मालवाहू बोटीवर. बाळाला गारवा मिळावा म्हणून त्यानंच हा एसी पाठवला होता.

"आई, नर्सताईंना बोलवा ना. पोरीला श्वास घेववत नाहीये," अद्वोबा कालच म्हणाली होती.

"उद्याचा दिवस थांब. परवा पहाटे प्रेषित त्या अश्रूंचाच थेंब तिच्या जिभेवर ठेवणार आहेत. आजोबांची भेट झाली की सगळं शांत होईल."

ते गढूळ पाणी? पोरीच्या तोंडात? अद्वोबा उठून दाराशी गेली. पण तीही याच कोळीवाड्यात वाढलेली. तीनदा दाराच्या कडीला हात लावून तिनं मागे घेतला. न जाणो, उंबरा ओलांडला आणि पोरीला काही झालं तर? चार भिंती, बंद खिडकी आणि समोर टपटपणारं मशीन. जीव नुसता घुसमटत होता.

आज भर दुपारी वीज गेली. मशीन गप्प झालं आणि थोड्याच वेळात पाण्याची धार लागली.

"आजोबांचा बांध फुटला!" बाहेर धारेचा आवाज ऐकून ओबादिया ओरडला आणि अंगणात एकच गलका झाला.

अद्वोबा मात्र ताडकन उठून बसली. बाळंतपणाआधी सहा वर्षं ती बंदरावरच्या शीतगृहात कामाला होती. तिथं वीज गेली की फ्रीझरमधला बर्फ सुटून फरशीभर पाणी व्हायचं. तिथं कुणाचे सासरे रडत होते?

तिनं आधी प्लग काढला. मग हरमाटनच्या कोरड्या वाऱ्यातली धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी एसीच्या तोंडावर हौसेनं घातलेलं विणकामाचं झाकण उचललं. पुढची झडप काढून जाळी ओढली. जाळी कसली, लाल मातीची गोधडीच! समोरच्या खणलेल्या रस्त्याची धूळ तिच्यावर जाड बसली होती. आणि जाळीमागच्या नळ्यांवर हा एवढा बर्फ.

तिनं खिडकी सताड उघडली. आठ दिवसांनी ऊन आत आलं आणि अंगणातली डोकीही आत डोकावली. ओबादिया सासूबाईंना घेऊन धावत आला.

"काय केलंस पोरी! डोळे फोडलेस!"

"डोळे नाहीत हो, जाळी आहे ही." तिनं ती टबात बुडवली. पाणी लालभडक झालं. "बघा, आता टबसुद्धा रडतोय!"

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"झाकणानं आणि धुळीनं हवा अडली, म्हणून आत बर्फ धरला. तो वितळला की धूळ घेऊन खाली येतो."

"मग पाणी खोलीतच का पडतं? बाहेर का नाही?" ओबादियानं शेवटचा डाव टाकला.

अद्वोबानं मशीनवर एक लिंबू ठेवलं. ते घरंगळत खोलीत येऊन पडलं. "गारवा पलंगावर पडावा म्हणून गवंड्यानं मशीन आत कललेलं बसवलं. आणि पाणी जायचं मागचं भोक शेवाळानं बुजलंय. आता तुमचं औषध. हा घ्या एक घोट, आधी तुम्ही."

तिनं बाटली पुढे केली. ओबादिया मागे सरकला. "माझा... उपास आहे."

"सकाळी मक्याच्या पिठाचे दोन केंके आणि तळलेली मासळी हाणलीस की रे!" एक म्हातारी ओरडली. तेवढ्यात ओबादियानं डबा उचलला आणि काढता पाय घेतला.

सासूबाई मात्र जाळीकडे बघत खाली बसल्या. "म्हणजे... ते रडत नव्हते?"

अद्वोबा त्यांच्याशेजारी बसली. "नाही, आई. रडताय तुम्ही. मोकळ्यानं रडा ना, मी आहे. पण त्यासाठी पोरीला कोंडू नका."

सासूबाई उठल्या आणि नर्सताईंना आणायला स्वतः गेल्या. नर्सताईंनी छाती तपासून औषध दिलं आणि खोली कोरडी, हवेशीर ठेवा म्हणून बजावलं. अद्वोबानं जुन्या ब्रशनं नळ्या पुसल्या, खराट्याच्या काडीनं भोक मोकळं केलं, जाळी सावलीत वाळवली. गवंड्यानं येऊन आतल्या बाजूला पाचर ठोकून मशीन बाहेर कलतं केलं. रडणं त्या दिवसापासून बंद.

बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी प्लग काढा, जाळी उघडा आणि आत काय साचलंय ते आपल्या डोळ्यांनी बघा. ज्याला तुमचं बघणं खपत नाही, त्याच्या हातचं पाणी लेकरांना पाजू नका.

छातीतली शिट्टी थांबल्यावर, पुढच्या आठवड्यात एका पहाटे, मायलेकी उंबऱ्याबाहेर आल्या. सासूबाईंनी उकळून गार केलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि नातीच्या जिभेवर थेंब ठेवला.

"हे पाणी," त्या रीतीचे शब्द म्हणाल्या. "पाणी असेल तेव्हा पाणीच म्हण."

मग त्यांनी स्वतःचे चार शब्द जोडले. "कुणी अश्रू म्हणालं तरी."