गोठ्यामागची बोअर

बोअरच्या पाइपातून उसळलेलं पाणी नीराबाईने ओंजळीत घेतलं आणि तसंच फेकून दिलं. हात पोळले. तोंडात उडालेला थेंब खारट, वर गंधकाचा वास.

अंगणात जमलेली वाडी हात जोडू लागली. तिच्या दिराने, विठोबाने, पाइपाला कुंकू फासलं. देवी प्रकटली म्हणे. कोणीतरी नीराबाईला तिच्याच अंगणात चपला काढायला सांगितलं.

तिला देवी नको होती, प्यायचं पाणी हवं होतं. सून ऋतिकाचे दिवस भरत आलेले आणि विहीर पार उताराच्या तळाशी. मागच्या आठवड्यात पोरगी हंड्यासकट घसरली, तेव्हा वाडीतला एक हात पुढे आला नाही. आता जोडायला मात्र सगळ्यांचे आले.

भूजलाच्या सर्वेला आलेल्या मृणाली मॅडमनी बजावलं होतं, अंगणात खणू नका. फार पूर्वी इथली जमीन फाटली, पलीकडचा तुकडा समुद्रात दूर निघून गेला. पोटातल्या उष्णतेने घाटाची बाजू वर उचलली, किनारा समुद्राकडे कलला, कातळाला भेगा पडल्या. त्या भेगांतून पाणी खोल उतरतं, तापतं, वर येतं. तुमची भेग अंगणाखाली आहे. गोठ्यामागे खणा, तेही उथळ. पण पाणी शोधायला विठोबाने तळहातावर आडवा धरलेला नारळ अंगणात उभा राहिला, आणि सगळ्यांनी नारळाचं ऐकलं. नीराबाईनेही.

आता तिने बोअरवाल्या गणराजला गाडी गोठ्यामागे घ्यायला सांगितलं. तो हलेना. वाडीशी वाकडं घेतलं तर या भागात पुन्हा काम मिळालं नसतं. विठोबा म्हणाला, दुसरं भोक पाडलंस तर देवी कोपेल, सुनेच्या पोटातलं...

तो तिथे चुकला.

नीराबाई घरात गेली, सुकटीच्या कालवणाचा खरकटा टोप आणला आणि कुंकवाने लाल झालेल्या त्या कढत पाण्यात राखेने घासायला बसली. बायका मागे सरकल्या.

"वयनी, तुझ्या घरचं पानी आता कोन पिनार न्हाय."

"पिन्याजोगं निगू दे भावजी. मग बगू."

विठोबा निघाला. त्याच्यामागे वाडी निघाली. गणराजने अवघडून उभ्या असलेल्या ऋतिकाकडे एकदा बघितलं आणि इंजिन सुरू केलं.

दुपारी गोठ्यामागे पाणी लागलं. आधी गढूळ, मग नितळ, गार. ऋतिका भिंतीला टेकून पोटभर प्यायली. नीराबाईने तांब्या भरून विठोबाच्या वाटेकडच्या ओट्यावर ठेवला.

दिवस मावळला तरी तांब्यातलं पाणी तेवढंच होतं. त्यात एक मुंगी तरंगत होती. तिने ती बोटाने अलगद काढली आणि तांब्या तिथेच राहू दिला.