तिसऱ्या सिलिंडरची टुकटुक

आमच्या जेवणघरात टेबल नाही, इंजिन आहे. टेबल होतं, चांगलं महोगनीचं, माझ्या आईने दिलेलं. अकरा वर्षांपूर्वी ते अंगणात गेलं आणि पावसात फुगून वाया गेलं. त्याच्या जागी माझ्या नवऱ्याने, एवेलिओने, जुन्या लोखंडी पलंगाचा सांगाडा उभा केला आणि त्यावर त्याच्या बापाच्या गाडीचं इंजिन आणून बसवलं. गाडी एक्कावन्न सालची. ती अजून दारासमोर उभी आहे आणि तिच्या बॉनेटखाली शेजारच्यांची कोंबडी अंडी घालते.

"दोन महिन्यांत जोडतो, सेनाइदा," तेव्हा तो म्हणाला होता. मी तेव्हापासून शिलाई मशीनवर ताट ठेवून जेवते.

तुमच्या गावात इंजिनाचे भाग दुकानात मिळत असतील. आमच्या कामागुए गावात ते शेजाऱ्यांकडे मिळतात, आणि शेजाऱ्यांकडे नसले तर बायकोच्या स्वयंपाकघरात. पिस्टनच्या रिंगा एका रशियन ट्रॅक्टरच्या, कानशीने घासून बारीक केलेल्या. पाण्याचा पंप कपडे धुवायच्या मशीनचा, म्हणजे माझ्या मशीनचा. हेडखालची गॅस्केट, म्हणजे गळती थांबवणारा पत्रा, तांब्याची, आणि ते तांबं म्हणजे मी ज्यात पेरूचा मुरंबा करायचे ते पातेलं. मी कपाळाला हात लावला तर म्हणाला, "अगं, मुरंबा काय, कुठेही शिजतो."

हे सगळं मी अजून अकरा वर्षं सहन केलं असतं. माणूस दारू पीत नाही, बाहेरख्याली नाही, फक्त इंजिन जोडतो; यापेक्षा वाईट नवरे मी आमच्याच गल्लीत चार दाखवीन. पण ऑक्टोबरात त्याचे कान तपासले. डावा केव्हाच गेला होता. उजव्याबद्दल डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "नाताळपर्यंत टिकला तर नशीब समजा." त्यांनी एक कागद दिला, शिक्का मारलेला, की हा माणूस अपंग आहे, याला सवलती द्याव्यात. एवेलिओने तो चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातला आणि वर बटण लावलं.

"कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. घरी येऊन इंजिनाशेजारी बसला. मग त्यावर हात ठेवून बोलला, "बाबांची गाडी पुलापलीकडे असली तरी आम्हाला घरात कळायचं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये टुकटुक होती. आई तेवढ्यात अंडी तव्यावर टाकायची. ती टुकटुक मला एकदा ऐकायचीय, सेनाइदा. मग कान जाईनात का."

मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून त्याला पाना काढून दिला.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सगळं जुळून आलं. धुराची नळी खिडकीतून बाहेर काढली. पंख्याच्या आकड्याला रमची बाटली उलटी टांगली आणि तिच्यात पेट्रोल भरलं. पंपाची नळी अंगणातल्या रांजणात सोडली, कारण इंजिन गार ठेवायला पाणी लागतं आणि नळाला ते दिवसाआड येतं. राहिली फक्त बॅटरी. ती एवेलिओचा जुना दोस्त रेम्बेर्तो देणार होता. हा रेम्बेर्तो खरा मेकॅनिक, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. त्याची बॅटरी गावाच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावली होती. एवेलिओ सकाळीच सायकल घेऊन ती आणायला गेला.

तो गेल्यावर रेम्बेर्तो आणि त्याचे पाच मित्र इंजिन सुरू होताना बघायला आले. घरात सात माणसांना जागा नाही, म्हणून ते बाहेर भिंतीला टेकून एकामागे एक उभे राहिले. तिथेच घोटाळा झाला.

कापडी पिशवी घेतलेली एक बाई रस्त्याने चालली होती. तिने सहा माणसं एका दारासमोर ओळीत उभी पाहिली, आणि आमच्याकडे कुणीही जे विचारील ते तिने विचारलं, "शेवटचा कोण?"

भिंतीकडच्या टोकाच्या माणसाने न बघता हात वर केला. पन्नास वर्षांची सवय, ती काय मेंदूला विचारून हात वर करते? बाई त्याच्यामागे उभी राहिली. तिच्यामागे दोघं आले. आमच्याकडे आधी रांगेत उभं राहतात आणि मग काय मिळतंय ते विचारतात. उलट करणारा उपाशी राहतो.

तासाभरात तीस माणसं झाली. कुणी म्हणालं कोंबडीचे पाय आलेत, कुणी म्हणालं तेल. मी दारात जाऊन स्पष्ट सांगितलं, "इथे काही मिळत नाही. हे माझं घर आहे."

"अंड्यांच्या वेळीही असंच म्हणाले होते," पिशवीवाली म्हणाली.

"वहिनींना नातेवाइकांसाठी ठेवायचं असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"अहो, आत इंजिन आहे, इंजिन."

"माणशी किती?" एकाने विचारलं.

पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात निवृत्त शिक्षिका ओर्तेन्सियाबाई आल्या. जिथे चार माणसं तिथे वही काढून नंबर लिहायचे, हे त्यांचं व्रत. पुढच्या अर्ध्या तासात प्रत्येकाच्या हातावर पेनाने आकडा पडला होता आणि रांग कोपऱ्यावरून वळली होती. कुबड्यांवरचे बाल्दोमेरो आजोबा आले, त्यांच्यासाठी बाईंनी दाराच्या दुसऱ्या बाजूला अपंगांची वेगळी रांग केली. त्या रांगेत ते एकटेच होते, पण छाती काढून उभे होते.

मी एवेलिओची वाट बघत होते. दहा वाजले, अकरा वाजले. बॅटरी आणायला एवढा वेळ? मला वाटलं सायकलीवरून पडला, मागच्या ट्रकचा भोंगा त्याला ऐकू आला नाही. मी चपला घालून त्याला शोधायला निघाले, रांगेच्या कडेकडेने, आणि कोपऱ्यापाशी बघते तर काय, हा तिथे उभा. सायकल भिंतीला, बॅटरी पायाशी, हातावर त्रेचाळीस.

"इथे काय करतोयस तू?" मी त्याच्या उजव्या कानात ओरडले.

"रांगेत आहे. काहीतरी चांगलं आलंय असं दिसतं."

"अरे, ही रांग आपल्या घरी जाते!"

त्याने टाचा उंचावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "खरंच की. मग आता?"

"आता काय, चल घरात."

"अगं, नंबर घेतलाय मी. पुढे बेचाळीस माणसं आहेत. मध्ये घुसलो तर लोक काय म्हणतील?"

हा माणूस आमच्या लग्नाच्या दिवशी केकच्या रांगेत उभा होता. स्वतःच्या लग्नाला दीड तास उशिरा आला, केक घेऊन, आणि माझे मामा त्याला मारायला उठले तर म्हणाला, माझ्यापुढे अजून सात जण होते. त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मी वाकून बॅटरी उचलायला गेले.

"वहिनी, ती बॅटरी त्रेचाळीस नंबरची आहे," चव्वेचाळीस नंबर म्हणाला. "ती पुढे गेली म्हणजे नंबर पुढे गेला."

"अरे शहाण्या, ही बॅटरी आत गेल्याशिवाय आत काही सुरूच होणार नाही!"

"मग रांग पुढे सरकली की जाईल ना आत."

"ती गेल्याशिवाय रांग कशी सरकेल?"

चव्वेचाळीसने विचार केला. "ते आत बसलेल्यांनी बघायचं," तो म्हणाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. सगळी रांग ज्या वस्तूसाठी थांबली होती ती वस्तू त्याच रांगेत त्रेचाळिसावी उभी होती. आमच्या घराला मागचं दारही नाही. एवेलिओ शांत होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो सारखा उजवा कान चोळत होता, जणू काही आतला दिवा विझू नये म्हणून.

ते मला बघवेना. मी म्हणाले, "खिशातला कागद काढ. अपंगांच्या रांगेत फक्त बाल्दोमेरो आहेत. लगेच नंबर लागेल."

त्याने हात खिशावर ठेवला, बटणावर.

"एवेलिओ, कागद काढ."

"मी अपंग नाही."

"ठार बहिरा होत चाललायस तू!" माझा तोल गेला. "नाताळनंतर तुला माझी हाकसुद्धा ऐकू येणार नाही, आणि लाज कसली धरतोस? एकदा आवाज ऐकायचाय ना बापाच्या गाडीचा? मग ऐक की, मेल्या, ऐकू येतंय तोवर!"

हे मी एवढ्या मोठ्याने बोलले की कोपऱ्यापलीकडच्यांनाही कळलं. सगळ्या रांगेला समजलं, एकट्या एवेलिओला सोडून, कारण रागात मी त्याच्या गेलेल्या, डाव्या कानाकडे सरकले होते. त्याने माझे फक्त ओठ हलताना पाहिले आणि लोकांची तोंडं गप्प होताना पाहिली. मी जीभ चावली. सदतीस वर्षांच्या संसारात मला त्याचं एकच गुपित राखायचं होतं आणि तेही भर रस्त्यात सांडलं.

ओर्तेन्सियाबाई वही घेऊन आल्या. त्यांनी त्याच्या खिशाचं बटण स्वतः उघडलं, कागद वाचला, शिक्का बघितला. वहीतला त्रेचाळीस खोडला. मग त्याच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "एवेलिओ, अपंगांची रांग. दुसरा नंबर. नियम म्हणजे नियम."

नियम म्हटल्यावर तो हलला. चव्वेचाळीसने बॅटरी उचलून दिली. "आमच्या आजीचंही असंच झालं होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

दारात बाल्दोमेरो आजोबा अडून बसले. "पहिला मी," ते म्हणाले. त्यांना आधी आत घेतलं, शिलाई मशीनच्या स्टुलावर बसवलं, आणि मग एवेलिओ आपल्या घरात शिरला. रेम्बेर्तोने तारा जोडल्या. एवेलिओने झाडूचा दांडा घेतला, मेकॅनिक लोक ऐकायला घेतात तसा, एक टोक इंजिनावर आणि दुसरं उजव्या कानावर. आणि सुरू करा म्हणून मान हलवली.

इंजिन खोकलं, माझ्या खिडकीची काच हलली, आणि पलंगाचा सांगाडा जेवणघरभर नाचायला लागला. चार जणांनी तो धरला. बाहेर पन्नास माणसं एकदम बोलायला लागली. धूर, आरडाओरडा, समोरच्या घरातला रेडिओ. मी एवेलिओच्या तोंडाकडे बघत होते. तो दांडा कानाला लावून उभा होता, आणि त्याचा चेहरा तसाच कोरा होता.

"सुरू आहे?" त्याने विचारलं.

मला रडू फुटलं. मी दारात गेले आणि दोन्ही हात वर केले. कसं सांगितलं आठवत नाही, पण सांगितलं. आमच्या गावात मयतालाही लोक गप्प बसत नाहीत. त्या दिवशी आख्खी रांग गप्प झाली. पिशवीवालीने समोरच्या घरात जाऊन रेडिओ बंद केला.

मी परत वळले तर एवेलिओने दांडा कानावरून काढला होता. त्याने त्याचं टोक दातांत धरलं आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग डोळे उघडले. ते भरले होते.

"आहे," तो म्हणाला. "तिसऱ्यात. आहे."

"मग आता आम्हाला काय मिळणार?" बाल्दोमेरो आजोबांनी विचारलं.

तासन्तास उभ्या राहिलेल्या माणसांना रिकाम्या हाती पाठवणं आमच्याकडे पाप आहे. एवेलिओने दांडा पुसला आणि त्यांच्यापुढे धरला. ओर्तेन्सियाबाईंनी दारातून जाहीर केलं, माणशी एक मिनिट, आत विडी ओढायची नाही. आणि रांग सरकली. एकेक जण आत यायचा, कान लावायचा, आणि एवेलिओ आशेने त्याच्या तोंडाकडे बघायचा. प्रत्येकाने सांगितलं, आहे, टुकटुक आहे. पिशवीवाली तर म्हणाली इतकी छान टुकटुक तिने जन्मात ऐकली नव्हती.

मी बाहेर जाऊन विचारलं, "शेवटचा कोण?" रेम्बेर्तोने हात वर केला. तो आपली जागा सोडून सारखा मागे जात होता.

"तू का आत जात नाहीस?" मी विचारलं.

त्याने इकडेतिकडे बघितलं. "वहिनी, तिसऱ्या सिलिंडरचा झिजलेला कनेक्टिंग रॉड, ज्याने ती टुकटुक व्हायची, तो त्याने फडक्यात जपून ठेवला होता, तोच घालायचा म्हणून. मी गुपचूप नवा घातला. खराब भाग बसवायला माझा हात धजेना. टुकटुक आता होणं शक्यच नाही. लोक खोटं बोलतायत. आणि तोही."

म्हणजे त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. आमच्या समाधानासाठी तो 'आहे' म्हणाला होता. रेम्बेर्तोचा गळा धरावा असं वाटलं, पण माझा नंबर लागला.

मी दांडा कानाला लावला. इंजिन गुळगुळीत घरघरत होतं. टुकटुक नव्हती. एवेलिओ माझ्याकडे बघत होता, बाकीच्यांकडे बघितलं त्यापेक्षा जास्त वेळ. मी खोटं बोलायला तोंड उघडलंच होतं, पण त्याच्याशी मला खोटं बोलता येत नाही, म्हणून नुसता वेळ काढायला मी त्याच्यासारखा दांडा दातांत धरला.

दाढेत लागली. टुक. मग जरा थांबून, टुक. कवटीत, कपाळात, माझ्या मुरंब्याच्या पातेल्यातून येत असल्यासारखी. तो त्या झिजलेल्या रॉडचा दोष नव्हताच कधी; ती त्या इंजिनाच्या हाडातच होती. एवढ्या माणसांत खरं बोललेला तो एकटाच होता.

मी त्याचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने वाजवली, तशीच, थांबत थांबत. तो हसला.

"बाई, मिनिट झालं," मागून कुणीतरी ओरडलं. ओर्तेन्सियाबाईंनीही घड्याळ दाखवलं.

मी दांडा क्षणभर तोंडातून काढला. "थांबा जरा," मी म्हणाले. "मी अकरा वर्षं रांगेत आहे."

आणि परत दातांत धरला.