हाकेवर

पेटीत सहा वस्तू होत्या : इंजेक्शनच्या तीन कुप्या, दोन सिरिंज, एक तापमापक. पेटीसकट वजन चारशे दहा ग्रॅम.

मोरदरा आणि कळकवाडी ही मावळच्या उत्तर टोकाची दोन गावं, एकाच दरीच्या दोन कड्यांवर समोरासमोर. आरोग्य केंद्र कळकवाडीत. तिथून मोरदऱ्याला ड्रोनने औषध पाठवायची चाचणी आमच्या लोणावळ्याच्या कंपनीने जानेवारीत घेतली. नोंदी माझ्याकडे होत्या. हवाई अंतर १.१८ किलोमीटर, उड्डाणाला दोन मिनिटं सहा सेकंद.

आरोग्य खात्याला द्यायच्या फॉर्मवर अंतराला एकच रकाना होता. मोरदऱ्याच्या निवृत्ती आबांना मी विचारलं, "आबा, कळकवाडी किती लांब?"

"हाकेवर की!" त्यांनी तोंडाशी ओंजळ धरली. "मान्सेऽऽ! च्या टाक गं, पाव्हणी आलीया!"

मानसी त्यांची लेक, कळकवाडीत दिलेली. सात सेकंदांनी उत्तर आलं, "साखर तुमी धाडाऽऽ!"

"बगा," आबा म्हणाले, "तुमच्या पाखराच्या आदी आमची हाक जाऊन माघारी बी आली."

सगळे हसले, मीही. आवाजाचा वेग धरून मनात गणित केलं. सात सेकंद बरोबर होते. रकान्यात १.१८ लिहिलं आणि शेऱ्यात आबांचाच शब्द. रस्त्याचं मी विचारलं नाही. आबांनीही सांगितलं नाही. हाक पोचते ते गाव तिथे जवळचंच म्हणतात.

मार्चमध्ये मोरदऱ्यातली रुग्णवाहिका काढून घेतली. आदेशात कारण होतं : आरोग्य केंद्र १.१८ किमी, हाकेच्या अंतरावर. शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी ती गाडी पर्यटकांच्या रस्त्यावर उभी राहू लागली.

मे महिन्यात दुसऱ्या चाचणीसाठी मोरदऱ्याला पोचले, तेव्हा आबांच्या सुनेच्या, सारिकाच्या अंगावरून रक्त जात होतं. आठवा महिना. तिचा नवरा हनुमंत जीप शोधायला गेला होता. दरी उतरून चढायला तीन तास लागतात. तिला झोळीत नेणं शक्यच नव्हतं. आबा कड्यावरून ओरडले. मानसी दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी ड्रोनने इंजेक्शन पाठवलं, सोबत चिठ्ठी : शिरेतून द्या, लगेच घेऊन या. ड्रोनला दोन मिनिटं चार सेकंद लागली. शिरेत सुई घालता येणारं गावात कुणी नव्हतं.

आबा माझ्याकडे वळले. "त्या कागदावर काय लिवलं व्हतं ओ तुमी?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"म्या हाकेचं सांगितलं. गरवार बाईचं न्हाई."



तासाभराने हनुमंत जीप घेऊन आला. सारिकाचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले. निघताना मीटरचा आकडा आणि वेळ वहीत टिपली; दुसरं काही येत नव्हतं. वाटेत तिने दोनदा विचारलं, "ताई, आलं का?" दोन्ही वेळा मी "आलंच" म्हणाले.

आरोग्य केंद्राच्या दारात मानसी स्ट्रेचर धरून उभी होती. डॉक्टरांनी सारिकाला वाचवलं. बाळ पोटातच गेलं होतं.

मी जीपकडे परत गेले आणि मीटरवरचा आकडा वाचला. मोरदरा ते कळकवाडी, रस्त्याने : २६.७ किलोमीटर, एक तास एक्केचाळीस मिनिटं.