घेतल्या भावात

संजीवनीला सबिना मिळू नये, एवढंच मला हवं होतं. ती मलाच मिळावी असंही काही नव्हतं.

सबिना म्हणजे रोमच्या हेड्रियन बादशहाची राणी. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या चांदीच्या नाण्यावर तिचा चेहरा असतो. नाणं आपल्या रुपयापेक्षाही लहान. माझं चिखलीच्या बाजारात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, आणि गेली बारा वर्षं मी मोबाइलवरच्या लिलावांत अशी नाणी शोधतो. टायबेरियस बादशहासाठी मी नऊ हजार मोजले आणि घरी बायकोला, आशाबाईला, नऊशे सांगितले. बाजारात मला रोमवाले भाऊ म्हणायचे. म्हणायचे, कारण आता समोरच्या दुकानात रोमवाली ताई बसते.

संजीवनीचं रस्त्यापलीकडे बेंटेक्सच्या दागिन्यांचं दुकान आहे. तिच्या सासरी भाजीपाल्याचा मळा, त्यासाठी नळीचे जोड घ्यायला आली आणि काउंटरवरचा माझ्या नाण्यांचा ट्रे बघून थांबली. चांदी कशी ओळखायची, बोली कशी लावायची, सगळं मीच शिकवलं. गंमत म्हणून शिकवलं. तिला बादशहांमध्ये रस नव्हता. "मी राण्याच जमवीन भाऊ, काय एकेकीचे अंबाडे हायेत," म्हणाली. मी हसलो होतो. वर्षभरात तिच्याकडे चार राण्या झाल्या, आणि त्यांतली एकही दोन हजारांच्या वरची नाही.

हे कसं जमतं, हे मी विचारलं नव्हतं. तिनंच सांगून टाकलं, ते जास्त लागलं.

"तुम्ही 'रोमन' लिहून शोधता भाऊ. तसं तर सगळेच शोधतात. मी 'पुतळी' लिहून पाह्यते."

जुन्या काळी कुणी बाईनं नाण्याला कडी लावून गळ्यात घातलेलं असतं. विकणाऱ्याला ते पुतळ्यांच्या माळेतली सुटी पुतळी वाटतं आणि तो ते दागिन्यांत टाकून देतो. नाणी जमवणारा माणूस दागिन्यांकडे कशाला फिरकेल? मी बारा वर्षं पुस्तकं वाचली, बादशहांच्या वंशावळी पाठ केल्या, आणि ही बाई गिऱ्हाइकाला मंगळसूत्र दाखवता दाखवता राण्या उचलत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"कडी लावलेल्या नाण्याले किंमत नसते," मी म्हणालो.

"नसू द्या ना. मले कुठी इकायचं हाये," ती म्हणाली आणि गेली. तिची पाठ वळताच मी मोबाइल काढून 'पुतळी' लिहिलं.

चार महिने मला पितळेच्या पुतळ्यांशिवाय काही दिसलं नाही. मग एका सोमवारी दिसली. 'जुनी चांदीची पुतळी, कडीसह.' फोटो धुरकट होता, पण तो केसांचा मुकुट मी ओळखला. संजीवनीकडे नसलेली राणी. बोली नऊशेपासून, गुरुवारी दुपारी चारला बंद.

गुरुवारी साडेतीनला मी काउंटरमागे उभा राहिलो. एक गिऱ्हाईक फिल्टर मागत होतं, त्याला उद्या ये म्हटलं. मी बाराशे लावले. लगेच कुणीतरी चौदाशे लावले. लिलावात नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. पण रस्त्यापलीकडे संजीवनी मान खाली घालून मोबाइल बघत होती, आणि तिचा अंगठा हलला की माझ्याकडे आकडा वाढत होता. मला सगळं कळत होतं. तरी मी दोन हजार लावले. तिनं अडीच. मी तीन. पाच हजारांवर ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा मोबाइल उचलला. थांब की बाई, असं मी मनात म्हणत होतो आणि बोट मात्र दाबत होतो. तिनं सात हजार तीनशे लावले. मी सात हजार चारशे. मग तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि एका पोरीला बांगड्या दाखवायला लागली. मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला. लिलाववाल्यांचं कमिशन वेगळं होतं, ते चहा पिताना आठवलं.

दर रविवारी दुपारी आमचं नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ माझ्या दुकानात बसतं. अर्जुनराव, मी आणि संजीवनी. नांदुऱ्याहून इंद्रभानही येतो. अर्जुनराव रिटायर तलाठी, सगळ्यांत वडील, त्यामुळे काही वाद झाला तर निवाडा त्यांचा. प्रत्येकाची एक रांग ठरलेली. माझी बादशहांची, संजीवनीची राण्यांची. आणि एक नियम. आपल्या रांगेत न बसणारं नाणं हाती लागलं, तर ज्याच्या रांगेत बसतं त्याला घेतल्या भावात द्यायचं. हा नियम मीच केला होता, इंद्रभानकडचा ऑगस्टस मला पाहिजे होता तेव्हा.

नाणं कुरिअरनं आलं त्या रविवारी इंद्रभान नव्हता. मी सबिना काउंटरवर ठेवली. नियम आठवत नव्हता असं नाही. पण सात हजार चारशे ऐकल्यावर ती काही घेणार नाही, आणि राणी माझ्या ट्रेमध्ये तिच्या डोळ्यांसमोर राहील, असा माझा हिशेब होता.

अर्जुनरावांनी भिंग लावलं. "काऊन बे निवृत्ती, राणी कुठून आणली? केवढ्यात भेटली?"

संजीवनी नाण्याकडे बघत होती. तिचा चेहरा काय उजळला होता! सात हजार चारशे माझ्या ओठांपर्यंत आले. पण ते म्हणजे मी फसलो, असंच झालं असतं. तिच्या चारही राण्या दोन हजारांच्या आत होत्या. मलाही एकदा, एकदाच, तसं म्हणायचं होतं.

"अठराशे," मी म्हणालो.

"अठराशे! वा रे पठ्ठ्या!" अर्जुनरावांनी मांडीवर थाप मारली. माझी छाती खरंच फुगली. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण ही तुह्या रांगेत कुठी बसते? संजीवनीची हाये ही. देऊन टाक घेतल्या भावात."

संजीवनीनं माझ्याकडे पाहिलं. तिची शेवटची बोली किती होती, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"भाऊ, अठराशेच ना?" ती हळूच म्हणाली. "कमिशन वगैरे धरून पाहा. माणूस इसरून जाते कधीकधी. जेवढे लागले असतील तेवढे देईन मी."

दार उघडंच होतं. तिनंच उघडून धरलं होतं. मी म्हटलं असतं, हो, चुकलं, तर तिनं पूर्ण पैसे दिले असते. पण अर्जुनराव भिंगातून माझ्याकडे कौतुकानं बघत होते, आणि तिनं दिलेली सवलत घेणं मला तिच्या बोलीपेक्षा जड वाटलं.

"हाव," मी म्हणालो. "अठराशेच."

तिनं पर्समधून पैसे काढून काउंटरवर ठेवले. कानातल्यांच्या लाल डबीत कापसावर सबिना ठेवली. अर्जुनराव बाहेर चपला शोधत होते तेव्हा ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "गुरुवारी तुमचा अंगठा माह्या दुकानातून मले दिसत होता भाऊ. म्हनून तर मी थांबली. म्हटलं, भाऊले लईच पाहिजे दिसते, घेऊ द्या."

ती रस्ता ओलांडून गेली. आशाबाईला मी हे अजून सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी अर्जुनराव इंद्रभानला सांगत होते की संजीवनीनं आजवर घेतलेल्यात हीच सगळ्यांत स्वस्त पडली, अशी नजर पाहिजे. इंद्रभान तिला विचारायला लागला, ताई, कुठं शोधली? संजीवनी म्हणाली, इथंच, भाऊंच्या काउंटरवर. सगळे हसले. मीही हसलो, आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.