गोरोबाचा डिस्ट्रिब्युटर

भर दुपारी, माणसाची सावलीसुद्धा भिऊन त्याच्याच पायाखाली दडते त्या वक्ताला, कल्याणप्पा मिस्त्रीच्या गॅरेजातली जीप आपण होऊन खाकरली. चावी त्याच्या खिशात होती. मुरुम गावात हे कुणी मानणार नाही. पण मुरुमकर भिजल्याशिवाय पाऊसही मानत नाहीत.

जीप गोरोबाची. लोहाऱ्याच्या रस्त्यावर शिटा भरून जन्मभर पळवलेली. तो जाऊन वरीस झालं, पण त्याची खोड सगळ्यांना पाठ होती. खडीचा चढ आला की खाली उतरायचा, बॉनेट उचलायचा आणि इंजिनात ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर हातानं केसभर मागं फिरवायचा. ठिणगी जरा उशिरा पडली की चढावर इंजिन खडखडत नाही. तोवर आतल्या बाया त्याला पोटभर शिव्या देऊन घ्यायच्या.

आता त्याच्या पोरानं, दिग्विजयनं, कार्बोरेटर काढून कंप्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन बसवायला दिलं होतं, आणि कल्याणप्पाला बजावलं होतं, "मामा, आज चढ चढली तर ठेवतो. न्हाय चढली तर उद्या भंगारवाला येतोय."

सगळं झालं होतं, अडलं होतं डिस्ट्रिब्युटरपाशी. ठिणगी कधी टाकायची ते आता कंप्युटर ठरवणार. डिस्ट्रिब्युटरनं नुसतं इंजिन कुठवर फिरलं ते सांगायचं. काल गावचा पाटील, आज दवंडीवाला. त्यासाठी त्याच्या पोटातली दोन वजनं जखडावी लागतात, कारण ती वेगाबरोबर फाकतात आणि ठिणगी अलीकडं ओढतात. कल्याणप्पानं भोक पाडून ठेवलं होतं. स्क्रू घालणार, तोच दारात सिताबाई उभी. गोरोबाची बायको.

"त्याला हात लावू नका, अण्णा."

"वैनी, जखडल्याबिगर जमत न्हाय. एका इंजिनाला दोन मालक व्हतील."

"होऊ द्या की. आमच्या घरात बी दोन व्हते. चाललंच की."

"कुणाचं चाललं?"

"त्ये तुमाला काय करायचंय." ती पदर सावरत आत आली. "कपडे वाटले, खाट दिली. ह्येंच्या हातचं एवढंच ऱ्हायलंय. आतल्या स्प्रिंगा त्यांनीच बसवल्यात."

नवरा जाऊन वरीस झालेल्या बाईला कोण तोंडावर नाही म्हणणार? कल्याणप्पानं स्क्रू खिशात टाकला, डिस्ट्रिब्युटर खडूच्या खुणेवर आणून नट करकचून आवळला आणि टोपण बसवलं. मिस्त्री म्हणून तो चुकला. शेजारी म्हणून चुकला नाही, असं आपलं त्याला वाटलं.

सपाट रस्त्यावर जीप लोण्यासारखी गेली. कल्याणप्पा चालवत होता, शेजारी दिग्विजय मांडीवर लॅपटॉप घेऊन, मागं सिताबाई. चढ लागला आणि बॉनेटखाली टकटक सुरू झाली. इंजिन खडखडतं तशी नव्हे. आत कोंडलेल्या माणसानं बोटाच्या पेरांनी दार वाजवावं तशी.

"मामा, टायमिंग जागेवर थांबंना," दिग्विजय म्हणाला. "मी इकडं घेतोय, कुणीतरी तिकडं घेतंय."

निम्म्या चढावर जीप बंद पडली. बॉनेट उघडलं. नट पान्याला हलेना इतका घट्ट, पण डिस्ट्रिब्युटर खुणेपासून केसभर मागं सरकलेला. टोपणावर ग्रीसचा अंगठा उमटला होता. ओला, रुंद. कल्याणप्पानं आपला अंगठा शेजारी धरला. निम्माही भरला नाही.

"वाऱ्यानं फिरला आसंल," तो म्हणाला. कडेच्या बाभळीचं पान हलत नव्हतं.

सिताबाई उतरून आली. अंगठ्याकडं बघत राहिली.

"अजून राबतायत," ती हळू म्हणाली. "मी समजत व्हते, आराम पडला आसंल."

"वैनी, वजनं मोकळी हाईत तवर ह्यो गोरोबा त्यात हात घालणार. कंप्युटर इकडं वढणार, ह्यो तिकडं. इंजिन फुटंल, आणि त्याला बी सुटका न्हाय."

गरम लोखंड कडकड वाजत राहिलं. मग ती उघड्या बॉनेटखाली वाकली, कानात सांगावं तशी.

"अवो, उतरा आता. पोरगं चालवतंय."

कल्याणप्पानं टोपण काढून स्क्रू फिरवायला घेतला. मनगटावर कुणाचा तरी तळहात टेकल्यागत वाटलं, उबदार, जड. शेवटच्या आट्याला तो निघून गेला. तेवढ्यात ड्रायव्हरकडचं दार उघडलं. जाडजूड माणूस खाली उतरावा तशी जीप त्या अंगानं दोन बोटं वर उचलली गेली. दार लागलंही. ते दार जरा उचलून लोटावं लागायचं, तसंच बरोबर उचलून.

डिस्ट्रिब्युटर खुणेवर आणून चावी मारली. इंजिन झोपलेल्या पोराच्या श्वासासारखं चालू लागलं.

"चढती बघा," दिग्विजय म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आई, बस."

सिताबाईनं शिटाखालची छत्री ओढून काढली.

"तुमी व्हा म्होरं. ऊन लई हाय, एकटे कुठं जातील."

दिग्विजय शेजारी चढला, कल्याणप्पानं गियर टाकला. जीप एका दमात माथ्यावर गेली. तिथं कल्याणप्पानं, बघू नये असं ठरवूनही, आरशात बघितलं. सिताबाई हातवारे करत, काहीबाही बोलत उतार उतरत होती, डोकं उन्हात उघडं टाकून. छत्री तिनं शेजारच्या मोकळ्या जागेवर धरली होती, हात पार उंच ताणून.