माझ्या पोटातले हात

मित्रांनो, मी एक जुना सागवानी खोका आहे, आणि आज मी रागावलेलो आहे.

खोका म्हणवून घ्यायचाही मला संकोच वाटतो, कारण माझ्यात काही ठेवता येत नाही. मला तळ नाही, पुढची बाजू नाही, मागचीही नाही. वर एक फळी आणि तिला उचलून धरणाऱ्या दोन फळ्या, एवढाच माझा संसार. बुलढाण्यात शंकरराव सरांचा टंकलेखनाचा वर्ग होता. तिथली मुलं मला ‘खुराडं’ म्हणत. खुराड्यात कोंबड्या शिरतात, माझ्यात हात शिरत.

मला घडवलं उंद्रीचे सुतार अब्दुल गनी यांनी. शंकरराव सर स्वतः त्यांच्याकडे गेले होते.

“गनीभाई, टाइपरायटरच्या बटणांवर बसंल असं झाकण पाहिजे. पोरायनं हात आत घालायचे, पण बटणं दिसली नाही पाहिजे.”

“दिसलंच नाही तर बिचारे मारतीन काय जी?”

“आमच्या कीर्तनात टाळकरी टाळाकडे पाहून वाजवते काय?”

अब्दुल गनी मनापासून हसले. “हाव, हे बाकी खरं हाय!” त्यांनी माझी आतली बाजू दोन दिवस घासली. बाहेरून मी ओबडधोबडच राहिलो, पण आतून रेशमासारखा झालो. “जेथं हात जातीन, तेथं कुसळ नाही पाहिजे,” ते म्हणाले. त्यांची लेक जमीला शेजारी उभी होती. गुळगुळीतपणा तपासायला त्यांनी तिचाच हात माझ्यात घातला. माझ्या पोटात शिरलेला तो पहिला हात.

पुढे तीच जमीला उंद्रीहून एसटीनं बुलढाण्याला शिकायला येऊ लागली.

सर दर एकादशीला विठ्ठलमंदिरात कीर्तन करत. वर्गातही त्यांच्या हातात चिपळ्या असत. ते लय धरत आणि मुलं त्या लयीवर बटणं दाबत. कुणी अडखळला की सर रागावत नसत, चिपळ्या सावकाश करत. त्याचं बोट जागेवर आलं की लय पुन्हा वाढे. कीर्तनात एखादा टाळकरी चुकला तर बुवा त्याला मंडपाबाहेर काढत नाहीत, मित्रांनो. ते चाल संथ घेतात आणि त्याला पुन्हा पंक्तीत आणतात. भजन सगळ्यांचं असतं.

मी चेहऱ्यांकडे कधी लक्ष दिलं नाही. मी हात पाहिले. आणि हात खोटं बोलत नाहीत. भ्यालेल्या हाताला आधी घाम येतो, मग करंगळी आखडते, मग शेजारचं बोट गडबडतं. डोक्याचा त्यात काही दोष नसतो. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे, आणि म्हणूनच मला राग येतो.

जानेफळचा चिंतामण आठवतो. एकटा असला की त्याची बोटं अशी चालत की मीच डोलायला लागायचो. पण एका आठवड्यात सर कीर्तनासाठी परगावी गेले आणि वर्ग एका थोराड विद्यार्थ्यावर सोपवून गेले. तो चिंतामणच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचा.

“काऊन बे चिंत्या, डोक्यात भुसा भरला काय? खुराड्यात अंडी उबवून राह्यला काय?”

सगळा वर्ग हसायचा. माझ्या आत त्याची करंगळी आखडायची आणि शेजारचं बोट भलत्याच बटणावर जायचं. चार दिवसांत चिंतामणनं स्वतःच म्हणायला सुरुवात केली, “मले नाही जमत.” पाचव्या दिवशी तो आलाच नाही. सर परतले तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. ते जानेफळला जाऊन आले, पण चिंतामण परत आला नाही. त्या दिवशी सरांच्या चिपळ्या वाजल्या नाहीत.

अरे, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो! एकटा असताना ती बोटं बरोबर चालत होती. मी साक्षीदार होतो. पण खोक्याची साक्ष कोण घेतो?

वर्षं गेली. टाइपरायटर भंगारात गेले. सरही देवाघरी गेले. त्यांचा नातू विहंग आता त्याच खोलीत संगणक शिकवतो. मला त्यानं कपाटावर टाकलं आणि माझ्यावर तुटक्या वायरींचा ढीग रचला. मी धूळ खात पडून होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. राग आला तो गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी.

त्या दिवशी दारातून जमीला आली. चोवीस वर्षं तिनं कोर्टासमोर टाइपरायटरवर अर्ज काढले होते. तिचं बहुतेक काम देवानंद वकिलांचं. आता वकिलांनी संगणक घेतला होता आणि तिला सांगितलं होतं, “जमीलाबाई, सोमवारी माझ्यासमोर यावर एक पान काढून दाखवा. नाही जमलं तर मला दुसरं माणूस पाहावं लागेल.” घर तिच्याच कामावर चालत होतं. हातात चार दिवस होते.

विहंग वाईट नाही. त्यानं संगणकात बटणांचा क्रमही जुन्या मराठी टाइपरायटरचाच लावून दिला. पण बटणांवर अक्षरं छापलेली होती इंग्रजी. आणि विहंग मागे उभा राहून म्हणाला, “मावशी, बटणांकडे नीट बघा आणि मग मारा.”

नीट बघा! जी आयुष्यभर न बघता लिहीत आली, तिला हा म्हणतो बघा! जमीलानं बघितलं, आणि बोटांना जे पाठ होतं ते डोळ्यांनी पुसून टाकलं. ‘अर्जदार’ लिहायला तिला कितीतरी वेळ लागला, तोही चुकीचा.

“पुन्हा चुकलं. हेही चुकलं,” विहंग मोजत होता. “राहू द्या मावशी. या वयात डोकं नवीन काही घेत नाही.”

शेजारच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मला तो जुना वर्ग आठवला. माझ्या फळ्या तडकतील असं वाटलं. चोवीस वर्षं बिनचूक अर्ज काढणारं डोकं एका दुपारी म्हातारं झालं काय? तुमच्या नजरेची भीती बसते तिच्या हातावर, आणि खापर फोडता तिच्या वयावर!

शनिवारपर्यंत हेच चाललं. शनिवारी जमीलानं पिशवी उचलली. “जाऊ दे बेटा. मले नाही जमत,” ती म्हणाली.

तेच शब्द! अगदी तेच.

ती वळली आणि तिची नजर वर गेली. वायरींच्या खाली माझा कोपरा दिसत होता.

“तो अब्बाचा खोका हाय ना? काढ बरं खाली.”

“मावशी, त्याचं काय करता?”

“तू काढ तर. आन् एक काम कर, मांगं उभा नको राहू. तिकडं खिडकीपाशी बस.”

तिनं ओढणीच्या टोकानं मला पुसलं आणि संगणकाच्या बटणांवर ठेवलं. उजवीकडची आकड्यांची बटणं माझ्या बाहेर राहिली. माझ्या काळी ती कुठं होती? मग दोन हात आत आले. मी ते लगेच ओळखले. आता त्यांवर शिरा उमटल्या होत्या, नखांशी पीठ होतं. घाम होता, करंगळी आखडलेली होती.

जमीलानं डोळे मिटले. तिचा पाय फरशीवर लय धरू लागला, सरांच्या चिपळ्यांची, संथ. करंगळी सैल झाली. उजव्या हाताचं मधलं बोट कान्याच्या बटणावर गेलं आणि घरी आल्यासारखं तिथं टेकलं. पहिल्या ओळीत चार चुका. दुसरीत दोन. पायाची लय वाढली. तिसऱ्या ओळीत एकही नाही. मित्रांनो, त्या दुपारी माझ्या पोटात कीर्तन रंगलं!

खिडकीपासून विहंगनं विचारलं, “आजोबा असंच शिकवायचे का?”

“हाव. आन् मोजायचे नाही.”

सोमवारी जमीलानं मला पिशवीत घालून वकिलांकडे नेलं. देवानंद वकील म्हणाले, “हे काय खुराडं आणलं, बाई?” ती म्हणाली, “पान पाहा साहेब, खुराडं काय पाहता!” वकिलांनी पान पाहिलं आणि दुसरा मसुदा तिच्यापुढे सरकवला. आठवड्याभरात तिला माझी गरज उरली नाही. ती मला परत वर्गात ठेवून गेली. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण झाकण निघालं तरी हात चालावेत, यासाठीच तर अब्दुल गनींनी मला घडवलं होतं.

आणि काल सकाळी वर्गात एक माणूस आला. केस पांढरे, बरोबर मुलगी. मी आवाज ओळखला. जानेफळचा चिंतामण!

“हे माही स्वरदा,” तो म्हणाला. “शिकाचं म्हणते. पण सांगून ठेवतो सर, हिले नाही जमाचं. आमच्या घरात कोनालेच नाही जमत.”

पाहिलंत, मित्रांनो? कुणीतरी चार दिवस थट्टा केली, आणि ती या माणसानं इतकी वर्षं उराशी धरली. आता तीच लेकीच्या हाती देतो आहे! पाठीमागे उभं राहून कुणाला ‘तुला डोकं नाही’ म्हणण्याआधी हे आठवा. तुम्ही हसून विसरता. तो ते वाक्य घरी घेऊन जातो.

विहंगनं मला उचलून स्वरदासमोर ठेवलं. दोन कोवळे हात आत आले. घाम होता. चिंतामण तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

विहंगनं टेबलाच्या खणातून आजोबांच्या चिपळ्या काढल्या. मग तो हळूच म्हणाला, “काका, तुम्ही बाहेर बसून चहा घ्या. इथं मागे कुणी उभं राहत नाही.”